‘शेती’ निवडली की कोरं पान

मला चुका दिसतात. हे माझं कौतुक नाही, खोड आहे. लग्नाची पत्रिका हातात आली की मी आधी तारीख आणि वार जुळतो का ते बघते, मग नवरानवरीची नावं. हॉटेलची पाटी असो नाहीतर पेपरातली श्रद्धांजली, नजर चुकीवरच जाऊन बसते. आई वैतागून म्हणायची, "पाहाले आलेल्या पोराच्या बी चुका काढशीन तू, अन् मंग बसजो घरी." त्यामुळे आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळानं वेबसाइट काढायचं ठरवलं आणि ती सुरू होण्याआधी कोणीतरी नीट तपासली पाहिजे असं निघालं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं यात नवल नव्हतं.

मंडळाचं ऑफिस अमरावतीला, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली कोणाची तरी पंगत चाललेली असायची आणि वर वरणाचा वास घेत आम्ही दुसऱ्यांची लग्नं जुळवत बसायचो. मंडळाचे सचिव निवृत्त हेडमास्तर. त्यांना सगळा समाज सर म्हणायचा. दर हिवाळ्यात मंडळाचा परिचय मेळावा भरायचा. मुलंमुली मंचावर येऊन माइकसमोर आपलं शिक्षण, उंची आणि अपेक्षा सांगायची, आणि खाली बसलेले आईबाप परिचय पुस्तिकेत पेनानं खुणा करायचे. ती जाडजूड पुस्तिका आता वेबसाइटवर येणार होती. मेळाव्याच्या दिवशी प्रमुख पाहुणे नारळ फोडून बटण दाबणार, असं सरांनी पत्रिकेत छापूनही टाकलं होतं.

वेबसाइटसाठी फॉर्म सगळ्यांनी नव्यानं भरून दिले होते. सगळ्यांनी म्हणजे घरच्यांनी. मुलीनं फक्त फोटो द्यायचा आणि खाली सही करायची, अशीच रीत होती. माझाही फॉर्म तसाच भरला गेला होता. मी अमरावतीहून गावाला गेले होते तेव्हा आईनं पोळ्या लाटता लाटता सांगितलं, "तिथं टेबलावर हाये, सही कर." मी केली.

पण मी हे तपासणीचं काम घेतलं ते खरं तर दादासाठी.

दादा माझ्याहून मोठा. आमचं गाव चांदूर बाजारकडे. संत्र्याचा बगीचा, थोडी कपाशी, थोडी तूर. बाबांचे गुडघे गेल्यापासून सगळं तोच बघायचा. बी.ए. झालेला, पान-तंबाखूही न खाणारा, आणि दिसायला माझ्याहून बरा. तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. ती वर्षं वाईट होती. पेपर उघडला की वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या मरणाची बातमी, टीव्ही लावला की तीच. दूरदूरचे लोक गाड्या घेऊन यायचे आणि पडक्या दारासमोर बायाबापड्यांना उभं करून फोटो काढून न्यायचे. आमच्या घरी तसं काही झालं नव्हतं. पण दादासाठी मुलगी बघायला गेलं की समोरचे लोक चहा-पोहे द्यायचे, बगीचा किती एकराचा, पाणी किती, सगळं विचारायचे, दादाचं तोंडभर कौतुक करायचे, फाटकापर्यंत सोडायला यायचे आणि मग कधी कळवायचेच नाहीत.

आम्ही स्वतःची समजूत घातली होती की पुस्तिकेत ठरावीकच घरं येतात, म्हणून असं होतं. वेबसाइटवर अकोला, वाशीम, यवतमाळ, बुलढाणा, सगळीकडच्या मुली येणार होत्या. एवढ्यात एक तरी असेलच की! दादा तर म्हणालाच होता, "आता थे वेबसाइट चालू होऊ दे. तवर कोनाच्या घरी चाय प्याले नाई जात मी." आईनं त्याला दोन नवे शर्ट शिवून घेतले होते. आणि मी मनात ठरवलं होतं की तपासता तपासता त्याच्यासाठी चांगल्या चार मुली आधीच हेरून ठेवायच्या. फुकटात काम करत होते, तेवढा हक्क माझा होताच.

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. एका मुलाची उंची पंचावन्न फूट निघाली. एका मुलीच्या जागी तिच्या आजीचा फोटो चढला होता. एका इंजिनिअर वराच्या फोटोत त्याच्यापेक्षा त्याची मोटरसायकलच जास्त दिसत होती. एका मुलाच्या छंदांच्या रकान्यात वडिलांनी 'कोणताही नाही, मुलगा सुसंस्कारी आहे' असं लिहिलं होतं. ती चूक म्हणता येईना, म्हणून तशीच राहू दिली.

वेबसाइट बनवणारा अकोल्याचा होता. त्याच्या वडिलांचं कापूस पिंजून गाद्या भरायचं दुकान होतं आणि त्याच दुकानाच्या माळ्यावर यानं कॉम्प्युटर मांडले होते. मी त्याला भाई म्हणायचे, तो मला ताई. चूक सापडली की मी इकडून फोन लावायचे.

"भाई, पंचावन्न फुटाचा नवरदेव! दारातून आत येईल का?"

"ताई, त्याच्या बापानं पाच लिहून जवळच पाच लिहिलं. मैं क्या करूं? करतो दुरुस्त."

अशी चारपाच पानं चुका निघाल्या आणि दुरुस्त झाल्या. मग एका दुपारी ऑफिसात कोणी नाही असं बघून मी दादाच्या नावानं आत शिरले. त्याचं वय, शिक्षण, उंची, व्यवसाय शेती. सगळं बरोबर होतं. 'अनुरूप वधू शोधा' असं बटण होतं, ते दाबलं.

पान कोरं आलं. वर गणपती, खाली मंडळाचा पत्ता, आणि मधल्या पांढऱ्या जागेत एवढंच: 'आपल्याशी जुळणारे स्थळ उपलब्ध नाही.'

मी हसले. चूकच ती, दुसरं काय असणार! पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मग मी दादाचा व्यवसाय बदलून 'नोकरी' केला. पडदा मुलींनी भरून गेला. खाली खाली जावं तर संपेचना. 'दुकान' केलं, तरी भरपूर. 'शिक्षण चालू' केलं, म्हणजे ज्याला अजून दाढीही फुटली नाही त्याच्यासाठी, तरी थोड्या आल्याच. परत 'शेती' केलं आणि पान धुतल्यासारखं साफ.

मी अकोल्याला फोन लावला. "भाई, शेतीचा धागा कुठेतरी तुटला आहे. शेती म्हटलं की काहीच येत नाही."

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला की बघितलं, सगळं ठीक आहे. मी दाबून बघितलं, पान कोरंच. परत फोन केला. तो म्हणाला, परत बघतो. असं तीनचार वेळा झालं आणि माझं डोकं सटकलं. मेळावा तोंडावर आलेला, माझ्या दादाचंच पान बिघडलेलं, आणि हा माणूस आपला म्हणतोय ठीक आहे! मी सरळ एसटी पकडली आणि अकोल्याला गेले. मूर्तिजापूर येईपर्यंत त्याला काय काय बोलायचं ते मनात तयार झालं होतं.

दुकानात खाली त्याचे वडील गादीला टाके घालत बसले होते. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. मी शिडीवरून वर गेले आणि खुर्चीवर बसायच्या आधीच तोंड सोडलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाला, "ताई, गुस्सा नका होऊ. कोड बराबर हाये. तुमी सोताच पाहा."

त्यानं एक तक्ता उघडला. फॉर्ममध्ये मुलींसाठी एक प्रश्न होता, 'शेतकरी वर चालेल का?' मुलीच्या माहितीच्या पानावर तो दिसत नसे, आतल्या आत जुळणी करायला तेवढा वापरला जाई. म्हणून तपासताना माझ्या नजरेला कधी पडला नव्हता. त्या प्रश्नाच्या खाली उत्तरं होती. नाही. नाही. नाही. मी खाली सरकत गेले. नाही, नाही, नाही. अमरावतीच्या मुली संपल्या, अकोल्याच्या लागल्या, मग वाशीमच्या. एक 'होय' दिसावं म्हणून मी डोळे फाडून बघत होते. शेजारच्या रकान्यात मुलीच्या वडिलांचा व्यवसाय होता. तिथे जवळजवळ सगळीकडे लिहिलेलं होतं: शेती. शेती. शेती.

मला विश्वास ठेवताच येईना. तरी मी अडून म्हणाले, "तुमच्याकडच्या टायपिंगच्या मुलांनी भरताना सरसकट 'नाही' टाकलं असेल."

त्यानं मूळ फॉर्मचे गठ्ठे माझ्यापुढे ठेवले. मी हाताला लागतील ते काढून बघत सुटले. वेगवेगळी अक्षरं, वेगवेगळ्या शाया, पण खूण एकाच जागी. एका बापानं तर 'नाही'च्या खाली दोन रेघा मारल्या होत्या.

"मग शोधच चालत नसेल," मी म्हणाले. आता मला स्वतःचाच आवाज मूर्खासारखा वाटत होता. "एखादं 'होय' असतं तरी आलं नसतं कदाचित."

"तेही पाहून घ्या. एक 'होय' करू अन् शोधू. पण दुसऱ्याच्या माहितीले मी हात नाई लावत ताई. पोरींचा मामला हाये."

"माझी घ्या," मी म्हणाले.

त्यानं माझं नाव काढलं. माझ्याही पुढे 'नाही' होतं. ते बघून मला बसायचा तो धक्का बसला, पण थांबायला वेळ नव्हता. त्यानं 'नाही'चं 'होय' केलं. मग दादाच्या नावानं आत गेला, व्यवसाय शेती, आणि बटण दाबलं.

एक स्थळ आलं. मी.

मोरपंखी साडीतला माझा स्टुडिओतला फोटो, मान थोडी तिरपी, ओठांवर फोटोग्राफरनं सांगितलेलं हसू. वर हिरव्या अक्षरात 'अभिनंदन! आपल्यासाठी योग्य स्थळ.' खाली 'संपर्क साधा' असं बटण. आणि बाजूला वराच्या जागी माझा सख्खा भाऊ!

"तौबा तौबा!" भाई खुर्चीवरून उठला, कानाला हात लावले आणि पडदाच बंद करून टाकला. खालून त्याच्या वडिलांनी विचारलं, "क्या हुआ रे?" "कुछ नहीं अब्बा," हा म्हणाला, पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

मला ओरडावं की हसावं की तिथेच रडावं, कळेना. शेवटी ओरडलेच. "एका आडनावात सोयरीक होत नाही हो आमच्यात! एवढं साधं तुम्हाला माहीत नाही?"

"कोणी सांगितलंच नाई, ताई. आमच्यात चाचाच्या घरी बी रिश्ता होते. मले वाटलं, आडनाव फक्त दाखवाले हाये."

"पण सख्खी बहीण!"

"सख्खी बहीण तं कोणातच नाई होत," तो जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाला. "पण मशीनले सांगावं लागते ना. मी इसरलो, तुमी बी इसरले."

खरंच होतं. मंडळाच्या बैठकीत गणपती कोणत्या बाजूला घ्यायचा यावर तासभर वाद झाला होता, अध्यक्षांचा फोटो केवढा यावर दोन बैठका गेल्या होत्या. एका आडनावाची मुलगी दाखवू नका, हे कोणी सांगितलं नाही, कारण ते काय सांगायची गोष्ट आहे? आमच्यात शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं.

परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले. बहीण निघाली, ही गफलत दुरुस्त होणार होती. दोन ओळींचं काम, भाईनं सांगितलं होतं. पण अख्ख्या वऱ्हाडातून माझ्या भावाला हो म्हणणारी एकच मुलगी निघावी आणि ती मी, हे कोण दुरुस्त करणार? चूक शोधायला गेले होते आणि चूक नव्हतीच. यापेक्षा वेबसाइट खरोखर बिघडलेली निघाली असती तर मी त्या भाईला पेढे दिले असते.

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. बहीण-भावाचं ऐकून ते ताडकन उभे राहिले. "अवो बाई! पाहुण्यायसमोर असं निंघालं असतं तं? समाजात तोंड दाखवाले जागा राह्यली नसती!" त्यांनी माझ्यासमोरच अकोल्याला फोन लावला आणि ते काम आजच्या आज झालं पाहिजे म्हणून बजावलं. फोन ठेवून कपाळ पुसलं आणि चहा सांगितला.

"आणि दुसरं?" मी विचारलं.

"दुसरं काय?"

"सर, शेतकऱ्याला एकही मुलगी नाही. एकही!"

"त्यात चूक काय हाये?" ते म्हणाले. "फारम लोकायनं भरले. आपण भरले का?"

"तुमच्या मुलीच्या फॉर्मवर काय आहे?"

सरांनी चष्मा काढला. त्यांचीही पंधरा एकर शेती होती, मेळाव्याच्या भाषणात ते दरवर्षी काळ्या आईवर बोलायचे. "माह्या पोरीच्या फारमात बी तेच हाये," ते म्हणाले. "अन् मी सोताच भरला." मग थोडं थांबून, "पण बाई, थे कोरं पान बरं नाई दिसत. अपशकुन वाटते. तिथं लिहा, लवकरच नवीन स्थळे उपलब्ध होतील."

"हे खोटं आहे, सर."

"खोटं काहून? पत्रिकेत आपण लग्न साडेदहाचं लिहितो, लागते दीडले. त्याले कोनी खोटं म्हनते का?"

मी तावातावानं बाहेर आले. पण वाक्य बदललं गेलं. आडनावाचीही दुरुस्ती झाली. दादाच्या नावानं शोधलं, तर मी दिसेनाशी झाले होते आणि तिथे नवीन वाक्य होतं. माझ्या फॉर्ममधलं 'होय' मात्र मी परत 'नाही' केलं नाही. भाईनं तो प्रश्नही दिसेल असं दुरुस्तीचं पान मला उघडून दिलं होतं आणि फोनवर आठवणही करून दिली होती. मी म्हटलं, राहू द्या. बाबांवर मला भयंकर राग आला होता. स्वतः शेतकरी, मुलासाठी दारोदार मुली मागणार, आणि स्वतःच्या मुलीच्या फॉर्मवर तेच 'नाही'! मेळावा झाला की गावी जाऊन त्यांच्याशी कडाक्याचं भांडायचं, हे माझं ठरलं होतं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी दादा संत्री घेऊन अमरावतीच्या मार्केटला आला होता. दुपारी तो ऑफिसवर आला. केस पाण्यानं चापून बसवलेले, अंगात आईनं शिवून घेतलेला नवा शर्ट. शर्ट मेळाव्यासाठी होता, पण त्याला दम निघाला नव्हता. सर खाली मांडव बघायला गेले होते. दादानं संत्र्यांची पिशवी टेबलाखाली ठेवली आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला.

"लाव," तो म्हणाला.

"उद्या बघशील ना. उद्या सुरूच होणार आहे."

"उद्या गर्दी राहीन. लाव ना वं."

माझ्याच्यानं नाही म्हणवलं नाही, आणि लावायलाही हात उठेना. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हसला. "काहून? लय झाल्या का? निवडाले जड जाईन म्हंते?"

मी लावलं.

त्यानं पडद्याजवळ तोंड नेऊन वाचलं. "लवकरच नवीन स्थळे उपलब्ध होतील." मग मागे टेकला. "म्हंजे अजून भरून राह्यले का?"

हो म्हणायला काय लागत होतं? सरांनी ते वाक्य त्यासाठीच तर लिहून घेतलं होतं. पण त्याच्या तोंडावर ती आशा दिसली आणि मला ते सहन झालं नाही. मी सांगून टाकलं. प्रश्न काय होता, उत्तरं काय होती, अकोल्याला जाऊन मी काय बघितलं, सगळं. फक्त माझा फोटो आला होता, तेवढं सांगितलं नाही. ते सांगायची माझी हिंमत झाली नाही.

"सगळ्याच?" त्यानं विचारलं.

"सगळ्याच."

"अकोल्याकडच्या बी?"

"त्याही."

"वाशीमच्या?"

"दादा, सगळ्याच."

खालून मांडववाल्यांचे हातोडे ऐकू येत होते. दादानं शर्टाच्या बाहीचं बटण काढलं, परत लावलं. एवढ्या वर्षांत मी त्याला कोणी नाकारल्यावर चिडलेला पाहिला होता, थट्टा करताना पाहिला होता. असा ओशाळलेला कधी पाहिला नव्हता. जसं काही त्याच्याच हातून काही झालं होतं.

"तुह्या फारमात काय हाये?" त्यानं एकदम विचारलं.

मी वाटच बघत होते. "माझ्या? बाबांनी 'नाही' लिहिलं होतं. मी त्याचं 'होय' केलं. आणि आता गावी येऊन विचारणार आहे त्यांना, तुम्ही लोकांच्या मुली कोणत्या तोंडानं मागता? दुसऱ्याची मुलगी वावरात राबलेली चालते आणि..."

"बाबाले काई बोलू नको," दादा म्हणाला.

"का नको?"

"बाबानं तं थो प्रश्न कोराच सोडला होता. पोरीले इचारून भरू म्हने. म्या लिहाले लावलं."

मला आधी समजलंच नाही. म्हणजे शब्द कळले, पण डोक्यात शिरेनात. अकोल्याच्या माळ्यावर मी हादरले होते, पण ते याच्यापुढे काहीच नव्हतं.

"तू?"

"पेन म्याच देला त्याहिच्या हातात. म्हनलं, बाबा, इथं नाई लिहा."

"दादा, तू स्वतः..."

"म्हनूनच ना वं. मोटरीची लाइन रातची येते. ओलिताले जाताना आई कंदील धरून बांधावर उभी राह्यते, थे पाह्यलं ना तू? बगीच्यावर गार पडली का बाबा जेवत नाई, थे बी पाह्यलं. तुले जमलं असतं. तू काई कमी नाई. मले पाह्यवलं नसतं."

मी म्हणाले, किंबहुना ओरडलेच, "मग बाकीच्या मुलींच्या भावांनीही हेच केलं असणार!"

"केलंच असन," तो म्हणाला. "चांगले भाऊ असतीन थे."

त्याला धरून गदागदा हलवावं असं वाटलं. मला शेतकरी चालला असता का? खरं सांगते, मला ठाऊक नव्हतं. आधी कोणी विचारलं नव्हतं. आत्ता समोर बसलेला हा माणूसही विचारत नव्हता.

"लाव तुह्यं पान," तो म्हणाला.

"नाही लावत. 'होय'च राहू दे. कोणीतरी सुरुवात केली पाहिजे."

"अन् उद्या? वेबसाइट चालू झाली का कोन्या कास्तकाराच्या पोराले तुहा फोटो दिसन. एकच दिसन त्याले, अख्ख्या पानात एकच. आस लावून बसन थो. त्याची माय शर्ट शिवन त्याले. अन् मंग त्याहिच्या घरी नाई म्हनाले कोन जाईन? मीच ना?"

"मग हो म्हण ना!"

त्यानं मान हलवली. "हो नाई म्हनवत वं मले. माह्यासारखाच असन थो, तरी बी नाई म्हनवत."

मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. तेव्हा त्यानंच माऊस ओढून घेतला. त्याला सवय नव्हती, बाण पडद्यावर इकडे तिकडे पळत होता. मी मदत केली नाही. त्यानं माझं नाव शोधलं, दुरुस्तीचं पान उघडलं. मोरपंखी साडीतल्या माझ्या फोटोवर क्षणभर थांबला, मग हळूहळू खाली आला. तो प्रश्न सापडला. 'होय'वरची खूण त्यानं काढली आणि 'नाही'वर केली. मग बोट उचलून माझ्याकडे बघितलं.

"हे जतन करा दाबू का?"

मी त्याचा हात धरला नाही. त्यानं दाबलं. 'आपली माहिती जतन झाली आहे' असं पडद्यावर आलं, आणि दादानं तळहाताला आलेला घाम नव्या शर्टाला पुसला.